शेजारी जाण्यासाठी सातासमुद्रापार : ठाणे-कल्याणच्या इतिहासातून नेटवर्कचा आराखडा वाचताना

१/
२००० सालच्या सुमारास डोंबिवलीतील एका संगणकावरून ठाण्यातील दुसऱ्या संगणकाकडे माहिती पाठवायची असेल, आणि दोन्ही घरांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या असतील, तर ती माहिती अनेकदा आधी परदेशात जाई आणि तेथून परत ठाण्यात येई. लोहमार्गाने डोंबिवली ते ठाणे हे अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. यंत्रांत बिघाड नव्हता, तारा तुटलेल्या नव्हत्या. जाळ्याची रचनाच तशी होती.

ही रचना का होती आणि ती कशी बदलली, हे समजून घ्यायचे तर नेटवर्कचा आराखडा वाचता यायला हवा. तो वाचायला शिकवणारा इतिहास आपल्या ठाणे-कल्याण परिसरातच पडलेला आहे. #थ्रेड

२/
आराखड्याची मुळाक्षरे दोनच : बिंदू आणि रेषा.

१७३६ साली लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग शहराचे प्रसिद्ध कोडे सोडवले. शहरातील सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फेरफटका पूर्ण करता येईल का, असा प्रश्न होता. येणार नाही, हे त्याने सिद्ध केले. त्यासाठी त्याने पुलांची लांबी, रस्त्यांची वळणे, नदीची रुंदी असे सारे बाजूला ठेवले. जमिनीचा कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशी किती पुलांनी जोडलेला आहे, एवढेच त्याने विचारात घेतले. आजचा प्रत्येक नेटवर्क आराखडा हाच त्याग करून जन्माला येतो.

३/
लोकलच्या डब्यात दाराच्या वर लावलेला स्थानकांचा नकाशा आठवा. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण : सारी स्थानके एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. त्यात ठाण्याची खाडी नाही, पारसिकचा डोंगर नाही, उल्हास नदी नाही. तरीही तो नकाशा खोटा ठरत नाही. कोणत्या स्थानकानंतर कोणते स्थानक येते, या एकाच प्रश्नाचे तो उत्तर देतो आणि ते अचूक देतो.

अशा नकाशांना लोकप्रिय केले लंडनच्या हॅरी बेकने. विद्युत मंडलांची रेखाचित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय. भुयारी रेल्वेचा त्याने १९३१ साली आखलेला नकाशा १९३३ साली छापला गेला.

पहिला धडा : आराखड्यातील रेषा अंतर सांगत नाही, ती संबंध सांगते.

४/
आता बिंदूकडे वळू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हे सर्वांना ठाऊक असते. त्या दिवशीचा आराखडा अगदी साधा : दोन टोके आणि त्यांच्यामधली एक रेषा. गाडीला कोठे जायचे, हा प्रश्नच उद्भवत नाही. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत वाढला. पुढे सह्याद्री चढायचा होता, आणि त्यासाठी दोन वाटा निवडल्या गेल्या : आग्नेयेला बोरघाट, ईशान्येला थळघाट. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला, थळघाटाचा १८६५ साली. कल्याणनंतर रेषा दुभंगली. त्या क्षणी कल्याणचे स्वरूप बदलले. आता तेथे निर्णय घ्यावा लागणार होता.

५/
हा निर्णय घेणाऱ्या बिंदूला संगणकाच्या जगात राउटर म्हणतात.

मुंबईहून आलेली गाडी नाशिकची असेल तर कसाऱ्याच्या मार्गावर, पुण्याची असेल तर कर्जतच्या मार्गावर सोडायची. कल्याणच्या सांधेवाल्याला नागपूरपर्यंतचे प्रत्येक वळण माहीत असण्याची गरज नाही. नागपूरची गाडी कसाऱ्याकडे सोडायची, एवढे ठाऊक असले की पुरते. पुढचे निर्णय पुढची जंक्शने घेतील.

राउटर नेमके हेच करतो. त्याच्याजवळ एक तक्ता असतो : अमुक जाळ्याकडे जायचे असेल तर तमुक शेजाऱ्याच्या हाती सोपव. माहितीचे छोटे गठ्ठे, म्हणजे पॅकेट, असे टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात. संपूर्ण वाट कोणाच्याच हातात नसते. प्रत्येकाला फक्त पुढचा शेजारी माहीत असतो.

६/
मग शेजारी कोणाला म्हणायचे? या थ्रेडचा मुख्य प्रश्न हाच आहे.

ठाणे आणि वाशी नकाशावर जवळ आहेत. मानखुर्दहून वाशीला जाणारा रेल्वेमार्ग १९९२ साली सुरू झाला. तरीही त्यानंतर बारा वर्षे ठाण्याहून लोकलने वाशीला जायचे तर आधी मुंबईच्या दिशेने कुर्ल्याला जा, तेथे गाडी बदला आणि पुन्हा खाडी ओलांडून पूर्वेला या, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. भूगोलाच्या दृष्टीने शेजारी असलेली ही दोन ठिकाणे रेल्वेच्या आराखड्यात मात्र शेजारी नव्हती. त्यांना जोडणारा बिंदू कुर्ला होता.

डोंबिवलीहून ठाण्याला परदेशातून येणाऱ्या त्या पॅकेटची कहाणी हीच आहे. फक्त त्याचे ‘कुर्ला’ समुद्रापलीकडे होते.

७/
याहून जुने उदाहरणही कल्याणचेच आहे, आणि ते जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे.

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शक ग्रंथ. त्यात कल्याण ‘कॅलिएना’ या नावाने येते. थोरल्या सरगनसच्या काळात हे बंदर रीतसर बाजारपेठ होते. पुढे सत्ता बदलल्यावर मात्र तेथील व्यापारात अडथळे आले, आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली बॅरिगाझा म्हणजे भडोचला नेली जाण्याचा धोका निर्माण झाला, असे ग्रंथकार नोंदवतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील संघर्षाची छाया अभ्यासकांना या नोंदीत दिसते.

८/
या नोंदीचा नेटवर्कच्या भाषेत अर्थ लावून पाहा.

खाडी होती तेथेच होती. बंदर बुजले नव्हते. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरकडे जाणारी वाट शाबूत होती. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात, म्हणजे नगरात संपन्न माणसे होती. भौतिक जोडणी अशी पूर्ण असतानाही माल दुसऱ्या बंदराकडे वळवला जाऊ शकत होता, कारण मार्ग कोणता घ्यायचा हे सत्ता ठरवत होती.

दुसरा धडा : जोडणी असणे ही एक गोष्ट, आणि त्या जोडणीवरून वाहतूक होऊ देणे ही दुसरी.

९/
म्हणूनच नेटवर्कचे आराखडे दोन प्रकारचे काढतात.

भौतिक आराखडा सांगतो : कोणते यंत्र कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर आहे, कोणती तार कोणत्या छिद्रात खोचली आहे. तार्किक आराखडा सांगतो : कोणते जाळे कोणते, कोणाचा पत्ता काय, कोण कोणाशी थेट बोलू शकतो.

चिन्हे ठरलेली आहेत. चार बाण असलेले वर्तुळ म्हणजे राउटर. बाण असलेला आयत म्हणजे स्विच : एकाच जाळ्यातील यंत्रांना एकत्र आणणारा फलक. ढग म्हणजे ‘येथून पुढे काय आहे ते या चित्रात दाखवलेले नाही’. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ढगाकडे सर्वांत आधी पाहावे. जुन्या नकाशांतील कोऱ्या जागांप्रमाणे, चित्रकाराने काय सोडून दिले ते तेथे कळते.

१०/
आता सामायिक जाळ्याकडे येऊ. त्याचा पूर्वज म्हणजे तारायंत्र.

विल्यम ओशॉनेसीच्या देखरेखीखाली १८५३ च्या नोव्हेंबरात कोलकाता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणाऱ्या तारांचे काम सुरू झाले. १८५५ साली ही सेवा जनतेसाठी खुली झाली. रेल्वेच्या रुळांलगतही तारांचे खांब उभे राहिले.

प्रत्येक दोन स्थानकांमध्ये वेगळी तार ओढणे परवडणारे नव्हते. म्हणून एकाच तारेवर अनेक स्थानके बसवण्याची पद्धत पडली. एका ठिकाणी कळ दाबली की टिकटिक सर्वत्र ऐकू येई. मग संदेश कोणासाठी आहे, हे कळायचे कसे? त्यासाठी प्रत्येक स्थानकाला दोन-तीन अक्षरांचे संक्षिप्त नाव मिळाले. आपले नाव ऐकू आले की उत्तर द्यायचे, एरवी गप्प बसायचे.

११/
ती नावे आजही आपल्या तिकिटांवर आहेत. कल्याणचे केवायएन, ठाण्याचे टीएनए, डोंबिवलीचे डीआय. कुर्ल्याचे सीएलए पाहून अनेकांना कोडे पडते. इंग्रजांच्या काळी कुर्ल्याचे स्पेलिंग ‘सी’ अक्षरापासून सुरू होई, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. तार गेली, खांब गेले, आणि १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवाही बंद झाली. पत्ते मात्र टिकले.

रेल्वेच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनीही याच तत्त्वावर चाले : एका विभागातील सारी स्थानके एकाच मार्गिकेवर, नियंत्रक हव्या त्या स्थानकाची घंटा वाजवणार, आणि फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला बोलणे ऐकू येणार.

१२/
हीच कल्पना २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात एका टिपणात अवतरली. रॉबर्ट मेटकाफ याने लिहिलेल्या त्या टिपणाने ‘ईथरनेट’ला जन्म दिला. एक सामायिक तार, तिला जागोजागी टोचून जोडलेले संगणक. बोलण्यापूर्वी ऐका. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबा आणि प्रत्येकाने स्वतःपुरता काही काळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करा.

पुढे तारेची जागा स्विचने घेतली. स्विच प्रत्येक संदेश ज्याचा त्याला पोहोचवतो, त्यामुळे गोंगाट कमी झाला. ‘अमुक पत्ता कोणाचा आहे?’ ही हाक मात्र आजही सर्वांना ऐकू जाते आणि ज्याचा पत्ता असेल तोच ओ देतो. हाक देण्याची ही रीत १९८२ साली लेखी नियमांत बांधली गेली.

१३/
पण ‘सर्व’ म्हणजे कोण? हाक कोठपर्यंत जावी? ही हद्द म्हणजे सबनेट. तिची कल्पना पोस्टाच्या पिनकोडावरून चटकन समजते.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृत कवीही होते. आता हे आकडे पाहा : डोंबिवली पूर्व ४२१२०१, डोंबिवली पश्चिम ४२१२०२, कल्याण ४२१३०१, ठाणे ४००६०१.

पहिले चार आकडे जुळले तरच शेजारी, असे ठरवले तर डोंबिवलीचे पूर्व-पश्चिम एकत्र आणि कल्याण बाहेर. तीन आकड्यांवर थांबलो तर कल्याण-डोंबिवली एकत्र, पण ठाणे मुंबईच्या ४०० मध्ये. फक्त पहिला आकडा पाहिला तर सारेच एकत्र.

१४/
पत्ते तेच राहिले. हद्द बदलली, कारण किती आकडे जुळवायचे ते आपण बदलले. सबनेटचे मर्म एवढेच आहे.

आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो आणि सोयीसाठी चार आकड्यांत लिहितात. त्याच्यापुढे ‘/२४’ लिहिले की अर्थ असा : पहिले २४ बिट, म्हणजे चारांपैकी पहिले तीन आकडे, ज्यांचे जुळतात ते सारे एका सबनेटचे रहिवासी. रहिवासी एकमेकांशी थेट बोलतात. हद्दीबाहेर जायचे असेल तर राउटरच्या दारातूनच जावे लागते. ही विभागणी कशी करावी याचे रीतसर नियम ऑगस्ट १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

१५/
एका हद्दीत एक पत्ता दोघांना असता कामा नये. याचे उदाहरण दादर.

दादरला मध्य आणि पश्चिम या दोन रेल्वेंची स्थानके एकमेकांना खेटून आहेत. दोन्हींची आखणी स्वतंत्र, म्हणून ‘प्लॅटफॉर्म क्रमांक एक’ दोन होते. आपापल्या हद्दीत दोन्ही बरोबर. पण एकाच पादचारी पुलावरून दोन्हीकडे उतरणारा प्रवासी गोंधळे. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक देण्यात आले.

घरात दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडला की इंटरनेट बंद पडते, याचे एक नेहमीचे कारण हेच असते. दोघेही कारखान्यातून १९२.१६८.१.१ असा एकच पत्ता घेऊन आलेले असतात. एकाला नवा क्रमांक द्यावा लागतो.

१६/
आता कागद घ्या आणि सामायिक सबनेटवर तीन राउटर जोडून पाहू. स्थळे काल्पनिक मांडणीसाठी घेतली आहेत.

मध्यभागी एक स्विच. त्यावरचे सामायिक सबनेट १०.१०.१०.०/२४. त्यावर ठाण्याचा राउटर १०.१०.१०.१, डोंबिवलीचा १०.१०.१०.२, कल्याणचा १०.१०.१०.३.

प्रत्येक राउटरच्या पाठीमागे त्याचे स्वतःचे गाव : ठाण्यामागे १९२.१६८.१०.०/२४, डोंबिवलीमागे १९२.१६८.२०.०/२४, कल्याणमागे १९२.१६८.३०.०/२४.

म्हणजे प्रत्येक राउटरला दोन तोंडे आणि दोन पत्ते आहेत. एक गावाकडचा, एक चव्हाट्यावरचा. आराखड्यात राउटरच्या प्रत्येक तोंडाशी वेगळा पत्ता लिहिलेला दिसतो तो यासाठी.

१७/
तारा जोडल्या, दिवे लागले, तरी ठाण्याच्या घरातून डोंबिवलीच्या घरात काहीच पोहोचणार नाही. राउटर एकमेकांना पाहू शकतात, पण एकमेकांच्या पाठीमागे कोणते गाव आहे हे त्यांना ठाऊक नाही.

ठाण्याच्या तक्त्यात लिहावे लागते : ‘१९२.१६८.२०.० कडे जायचे असेल तर १०.१०.१०.२ च्या हाती द्या.’ तरीही उत्तर येत नाही! कारण डोंबिवलीच्या तक्त्यात परतीची नोंद नाही : ‘१९२.१६८.१०.० साठी १०.१०.१०.१.’ निरोप पोहोचतो, पण उत्तर वाटेत हरवते. नवशिक्याचे बरेच तास याच एका ओळीपायी जातात.

तिसरा धडा : वाट दोन्ही बाजूंनी सांगावी लागते. एकतर्फी ओळखीने संवाद होत नाही.

१८/
हा खटाटोप कशासाठी? प्रत्येक राउटर दुसऱ्या प्रत्येकाशी वेगळ्या तारेने का जोडू नये?

हिशेब करा. तीन राउटरांना तीन तारा पुरतात. दहा राउटर प्रत्येकाशी स्वतंत्रपणे जोडायचे तर ४५ तारा लागतात. शंभरांसाठी ४,९५०. सामायिक स्विचवर मात्र दहांना दहा आणि शंभरांना शंभर.

बाजारपेठा याच गणितावर उभ्या राहिल्या. प्रत्येक शेतकऱ्याने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारी जाण्याऐवजी ठरल्या दिवशी सर्वांनी एका मैदानात यायचे. आठवडी बाजार हे सामायिक सबनेटच आहे.

१९/
हे मैदान भारतीय इंटरनेटला उशिरा मिळाले.

१९८६ साली शैक्षणिक संस्थांसाठी ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या अगदी पहिल्या जोडण्यांपैकी एक मुंबईत झाली : जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जाऊ लागले. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले. तोवर जाळे एकाच मालकाचे होते, त्यामुळे शेजाराचा प्रश्न उद्भवला नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात नव्या धोरणाने खासगी कंपन्यांना परवाने खुले केले आणि एका जाळ्याची अनेक जाळी झाली.

२०/
या नव्या कंपन्यांना जायचे कोठे होते? ग्राहकांना हव्या असलेल्या बहुतेक संकेतस्थळांचे संगणक परदेशात होते. म्हणून प्रत्येकीने आपली वाट परदेशाकडे जोडली. समोरच्या गल्लीतील प्रतिस्पर्ध्याशी तार जोडण्याची ना घाई होती, ना परस्परविश्वास.

तार्किक आराखडा काढला तर असा दिसेल : डोंबिवलीचा बिंदू, ठाण्याचा बिंदू, दोघांपासून निघून दूर जाणाऱ्या दोन लांबच लांब रेषा, आणि परदेशातील एका बिंदूवर त्यांची भेट. समुद्राखालच्या महागड्या केबलवरील जागा, परकीय चलन आणि वापरणाऱ्याचा वेळ, तिन्ही गोष्टी शेजाऱ्याकडचा निरोप पोहोचवण्यात खर्ची पडत.

शिवाय देशांतर्गत संवाद परदेशातील यंत्रांच्या भरवशावर चालत असे. ही केबल तुटली तर दोन शेजाऱ्यांमधील संवादही तुटणार होता.

२१/
जून २००३ मध्ये ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’, संक्षेपाने ‘निक्सी’, या ना-नफा संस्थेची स्थापना झाली. देशातली वाहतूक देशातच राहावी, हा तिचा उद्देश. सुरुवातीची केंद्रे नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथे.

अशा अदलाबदल केंद्रात काय असते? गाभा तोच, जो आपण सोळाव्या टिपणात कागदावर काढला : स्विच, त्यावर एक सामायिक सबनेट, आणि प्रत्येक कंपनीच्या राउटरचे एक तोंड त्या सबनेटवर. डोंबिवलीचे पॅकेट मुंबईत येते, स्विच ओलांडते, दुसऱ्या कंपनीच्या राउटरच्या हाती पडते आणि ठाण्याला जाते.

२२/
योगायोग पाहा. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्गावर लोकल धावू लागली आणि कुर्ल्याचा वळसा संपला. पॅकेट आणि प्रवासी, दोघांचाही द्राविडी प्राणायाम जवळजवळ एकाच काळात सुटला. त्याच मार्गावरील ऐरोली आणि रबाळे परिसरात आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. खाडीकाठचा हा पट्टा जुन्या व्यापारी मार्गांनंतर पुन्हा एकदा वाहतुकीचा नाका झाला आहे. फरक इतकाच की या वेळचा माल डोळ्यांना दिसत नाही.

२३/
पण सामायिक मैदान मिळाले म्हणजे सारे सुटले असे नाही. कंपन्यांचे राउटर आपल्यामागची गावे एकमेकांना सांगतात ती बीजीपी नावाच्या नियमावलीने. तिचा पहिला आराखडा १९८९ च्या जानेवारीत कर्क लॉफहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोन अभियंत्यांनी जेवताना हात पुसण्याच्या कागदांवर काढला.

तिचे सूत्र असे की काय सांगायचे आणि कोणाचे ऐकायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोन कंपन्या एकाच स्विचवर असूनही परस्परांशी देवाणघेवाण नाकारू शकतात. आराखड्यात दोघांच्या रेषा एका स्विचला येऊन मिळालेल्या दिसल्या तरी त्या दोघी बोलतातच, असे समजू नये. भडोचला नेली जाणारी जहाजे आठवा. खाडी मोकळी असणे पुरेसे नसते.

२४/
खोटे सांगणाऱ्यालाही येथे वाव आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील एका दूरसंचार कंपनीने यूट्यूब देशापुरते बंद करताना ‘यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे आहेत’ अशी नोंद चुकून जगाला ऐकवली. जगभरच्या राउटरांनी विश्वास ठेवला आणि यूट्यूब काही काळ जगाच्या मोठ्या भागात दिसेनासे झाले.

आणखी एक धोका दिसतो तो आराखड्यातच. मुंबईहून नाशिककडे आणि पुण्याकडे जाणाऱ्या रेषा कल्याणपर्यंत एकच आहेत. २६ जुलै २००५ च्या महापुरात ती एक रेषा बंद पडली आणि दोन्ही घाटांकडची वाहतूक थबकली. ज्या बिंदूवर सारे भेटतात, तो बिंदू बंद पडला की साऱ्यांचीच भेट खुंटते.

२५/
म्हणून पुढच्या वेळी नेटवर्कचा आराखडा समोर आला की एखाद्या ऐतिहासिक साधनाला विचारावेत तसे पाच प्रश्न विचारा :

▪ हे चित्र भौतिक आहे की तार्किक?
▪ प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांचे पत्ते एका सबनेटचे आहेत का?
▪ परतीची वाट लिहिलेली आहे का?
▪ असा कोणता बिंदू आहे, जो काढून टाकला तर चित्राचे दोन तुकडे होतील?
▪ भेटीची जागा कोणाच्या मालकीची आहे, आणि ढगामागे काय झाकले आहे?

पहिले तीन प्रश्न अभियंत्याचे. शेवटचे दोन इतिहासकाराचे. खरे तर पाचही दोघांना लागतात.

२६/
कल्याणचे महत्त्व सातवाहनकाळी, १८५४ नंतर आणि आजही एकाच गोष्टीमुळे आहे : तेथे वाटा एकत्र येतात. वाटा एकत्र आणणे हे मात्र केवळ भूगोलाने साधत नाही. कोणीतरी भेटीची जागा राखावी लागते, पत्ते वाटावे लागतात, येणाऱ्याला येऊ द्यावे लागते. २००३ पूर्वी डोंबिवली आणि ठाणे यांच्यात तारेची उणीव नव्हती, अशा जागेची होती.

आज घरी जमल्यास एक कागद घेऊन आपल्या राउटरपासून बाहेरच्या ढगापर्यंतचा आराखडा काढा आणि प्रत्येक तोंडाशी पत्ता लिहा. कोठे अडलात ते खाली विचारा. रेल्वेच्या, तारायंत्राच्या किंवा बंदरांच्या जाळ्यांविषयी आपल्या गावची एखादी नोंद ठाऊक असेल तर तीही सांगा.